पंचविसाव्या उडीनंतर थांबवणार कोण?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, विमानातून उड्या मारणाऱ्या पुण्याच्या दोन तरुणांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण मराठी वर्तमानपत्रात स्कायडायव्हिंगला अख्खे पान क्वचितच मिळते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र काळजी वाटली, कारण शेवटच्या परिच्छेदात त्यांतल्या एका तरुणाने, ज्याच्या नावावर लेखातच म्हटल्याप्रमाणे चाळीसच्या आसपास उड्या आहेत, येत्या हिवाळ्यापासून नवख्यांसाठी दोन दिवसांचे मार्गदर्शन शिबिर घेण्याचा मनोदय बोलून दाखवला आहे आणि लेखकाने त्याची पाठ थोपटली आहे. त्या तरुणाच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी स्वतः चाळीस उड्यांवर असताना जवळपास हेच केले होते आणि त्याची खूण माझ्या डाव्या घोट्यात एक पट्टी व सहा स्क्रूंच्या रूपाने आजही आहे, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

प्रथम माझी ओळख. मी मूळची पुण्याची. नोकरीनिमित्त सात वर्षे अमेरिकेत ॲरिझोना राज्यात होते आणि तिथे, वयाची पस्तिशी उलटल्यावर, हा खेळ शिकले. माझ्या लॉगबुकात आज १३१ उड्यांची नोंद आहे. हा आकडा ऐकून पुण्यातले नातेवाईक तोंडात बोट घालतात आणि ड्रॉपझोनवरची, म्हणजे उड्या मारण्याच्या केंद्रावरची, जुनी मंडळी गालातल्या गालात हसतात, कारण दोन-दोन, तीन-तीन हजार उड्या मारलेली माणसे तिथे रोज सकाळी विमानात शेजारी बसलेली असतात. तेव्हा तज्ज्ञ म्हणून मी काही सांगत नाही. नवख्यांच्याच रांगेत चार पावले पुढे उभी असलेली बाई म्हणून सांगते आहे.

आपल्याकडे या खेळाची कामशेतच्या पॅराग्लायडिंगशी नेहमी गल्लत होते. पॅराग्लायडिंगमध्ये छत्री जमिनीवरच फुगवून मग डोंगरउतारावरून निघायचे असते. स्कायडायव्हिंगमध्ये छत्री पाठीवरच्या पिशवीत घडी घालून बंद असते आणि माणूस आधी कोसळतो. दुसरी गल्लत टँडेम उडीची. प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन, त्याच्याच छत्रीखाली खाली यायचे, याला टँडेम म्हणतात आणि सुट्टीवर गेलेले बहुतेक लोक हीच उडी मारून येतात. त्यात प्रवाशाने पाय वर उचलण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. त्या अनुभवावरून ‘मला स्कायडायव्हिंग येते’ असे म्हणणे म्हणजे शिवनेरीत बसून मुंबईला गेलेल्याने आपल्याला बस चालवता येते असे म्हणण्यासारखे आहे.

स्वतंत्रपणे उडी मारायला शिकण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे तिला एएफएफ, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल, म्हणतात. जमिनीवरचे वर्ग साधारण एक दिवस चालतात आणि त्यानंतर अगदी पहिल्याच उडीला विद्यार्थी स्वतःच्या पाठीवर स्वतःची छत्री घेऊन १३,००० फुटांच्या आसपास विमानाबाहेर पडतो. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक त्याचा पट्टा धरून असतो. पहिले हजार फूट सरायला दहाएक सेकंद लागतात. त्यानंतर वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात स्थिरावतो आणि पुढचा प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतो. विद्यार्थ्याने ५,५०० फुटांवर छत्री उघडायची असते. ती नीट उघडली नाही तर सुधारण्याचा खटाटोप कुठवर करायचा, याचीही उंची ठरलेली आहे. ती २,५०० फूट. तोवर छत्री ताब्यात आली नसेल तर आणखी विचार न करता मुख्य छत्री तोडून द्यायची आणि राखीव उघडायची. हा निर्णय आकाशात घ्यायचा नसतो, तो जमिनीवरच घेऊन वर जायचे असते, हे माझ्या प्रशिक्षिकेने माझ्याकडून इतक्या वेळा घोटून घेतले की आजही झोपेतून उठवून विचारले तर माझे हात छातीकडे जातात.

त्या बाईंबद्दल थोडे लिहायलाच हवे. त्या साठीच्या होत्या, मितभाषी, आणि वर्ग संपला की शिकवणे संपले असे त्यांना कधी वाटत नसे. मी संध्याकाळी गाडीच्या डिकीत सामान ठेवत असले की मागून आवाज यायचा, ‘तीन हजार फूट. दोऱ्यांना पीळ पडलाय, छत्री गरगर फिरतेय. काय करशील?’ तोंडी उत्तर त्या स्वीकारत नसत. हातातली पिशवी खाली ठेवून मला मान वाकवून आधी मुख्य छत्री तोडणारे उजवीकडचे हँडल जिथे असते ती जागा पाहावी लागे, तिथे हात न्यावा लागे, मग राखीव उघडणाऱ्या डावीकडच्या हँडलची जागा पाहावी लागे, आणि मग पहिले उपटल्याचा व दुसरे उपटल्याचा अभिनय हात पुरते लांब होईपर्यंत करावा लागे. एकदा मी डावीकडे न पाहताच हात नेला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बोटे वर करून मोजू लागल्या आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेपर्यंत त्यांची सहा बोटे झाली होती. ‘तुझे हजार फूट गेले,’ एवढेच म्हणाल्या. वाहनतळावर उभे राहून हजार फूट गमावण्याचा तो अनुभव कोणत्याही व्याख्यानाने मला दिला नसता.

आता मूळ मुद्दा. विद्यार्थी असेपर्यंत नवखा माणूस नियमांच्या कुंपणात असतो. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या, म्हणजे यूएसपीएच्या, नियमांनुसार ताशी १४ मैलांपेक्षा, म्हणजे साधारण साडेबावीस किलोमीटरपेक्षा अधिक वाऱ्यात विद्यार्थ्याला वर जाऊच देत नाहीत. कोणत्या आकाराची छत्री वापरायची, कोणाबरोबर उडी मारायची, कुठे उतरायचे, हे सगळे दुसरे कोणीतरी ठरवते. मग पंचवीस उड्या पूर्ण होतात, परीक्षेची उडी होते, छत्रीची घडी स्वतः घालून दाखवली जाते आणि ‘ए’ परवान्याचा शिक्का पडतो. सव्विसाव्या उडीला वाऱ्याचा तोच वेग असला तरी त्याला कोणी अडवत नाही. जायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे असते. काल ज्याला वाऱ्याचा अंदाज येत नाही म्हणून खाली बसवले होते त्याला आज तो अंदाज आला आहे असे गृहीत धरले जाते. परवाना एका दिवसात मिळतो, अंदाज यायला काही वर्षे जातात, आणि या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे, माझ्या मते पंचविसाव्या उडीपासून साधारण दोनशेव्या उडीपर्यंतचा, त्यात माणसाला सांभाळणारे कोणी नसते. शिवाय नेमक्या याच पट्ट्यात त्याला दुसऱ्याला शिकवण्याची सर्वांत जास्त हौस असते.

माझ्या बेचाळिसाव्या उडीच्या संध्याकाळची गोष्ट. ड्रॉपझोनवर शेवटचे विमान उतरले की शेकोटी पेटते आणि बिअरचे खोके फुटते. (ज्याची कसलीही ‘पहिली वेळ’ असेल त्याने ते खोके आणायचे अशी प्रथा आहे, पहिली उडी, पहिला परवाना, पहिल्यांदा पायांवर उभे राहून उतरणे, काहीही चालते, आणि बिअर न पिणाऱ्या माझ्यासारखीलाही ते चुकत नाही.) त्या संध्याकाळी बारा उड्या झालेला एक मुलगा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, मला अजून धड उभे राहून उतरता येत नाही, तू कशी उतरतेस? मी त्याला अर्धा तास समजावले. माझ्या बोलण्याचा सारांश असा होता की सगळे काही वाऱ्याकडे तोंड करून उतरण्यावर अवलंबून आहे, काहीही झाले तरी शेवटी वाऱ्याकडे तोंड झालेच पाहिजे. पलीकडे दोन अनुभवी प्रशिक्षक बसले होते. त्यांना विचारावे असे त्यालाही वाटले नाही आणि त्याला त्यांच्याकडे पाठवावे असे मलाही सुचले नाही. कोणीतरी आपल्याला विचारते आहे, हे सुख मोठे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलका वारा होता. विमानात चढण्यापूर्वी मी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, पाहून घेतला, छत्री व्यवस्थित उघडली, हजार फुटांवर मी नेहमीप्रमाणे उतरण्याच्या मार्गावर आले, वाऱ्याबरोबर, मग आडवी, मग शेवटचा सरळ टप्पा. जमिनीपासून शंभरएक फुटांवर माझे लक्ष पुन्हा विंडसॉककडे गेले, तर तो उलट्या दिशेला. पंचवीस मिनिटांत वारा फिरला होता आणि मी वाऱ्याबरोबरच उतरत होते. शंभर फूट म्हणजे उघड्या छत्रीखाली सहा-सात सेकंद. माझ्या डोक्यात आदल्या संध्याकाळचे माझेच वाक्य होते. मी उजवा टॉगल ओढला.

ज्यांनी छत्री हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: एका बाजूचा टॉगल, म्हणजे छत्री वळवण्याच्या दोरीची मूठ, खाली ओढला की छत्री वळते, पण वळताना ती त्या बाजूला कलते आणि सूर मारते, आणि त्या सुरातून पुन्हा सपाट व्हायला तिला उंची लागते. ती उंची माझ्याकडे नव्हती. तो हलका वारा पाठीवर घेऊन मी सरळ उतरले असते, दोन्ही पाय आणि गुडघे जुळवून जमिनीवर लोळण घेतली असती, तर कपडे मळले असते, फार तर कोपर खरचटले असते. यूएसपीए नवख्यांना उतरण्याचा जो अग्रक्रम शिकवते त्यात पहिली गोष्ट छत्री सपाट आणि सरळ ठेवणे ही आहे, दुसरी मोकळी, अडथळे नसलेली जागा, तिसरी निदान अर्धा फ्लेअर, म्हणजे शेवटी दोन्ही टॉगल एकदम ओढून वेग मोडणे, आणि चौथी लोळण घेण्याची तयारी. वाऱ्याकडे तोंड असावे हे खरेच, पण त्या चार ओळींत ते नाही. हे मला शिकवले गेले होते, मी ते परीक्षेत बरोबर लिहिलेही होते, आणि तरीही शेकोटीपाशी मी त्या मुलाला दुसरेच काहीतरी शिकवले आणि सकाळी स्वतःही तेच केले. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या मला तो मुलगा कुंपणापाशी उभा दिसत होता. पुढे तो मला भेटला तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मी तुला चुकीचे सांगितले होते. तो म्हणाला, ‘हो, मी पाहिलं.’

लोकांना वाटते या खेळातला धोका म्हणजे छत्री न उघडणे. तो आहेच, पण त्यावर गेल्या पन्नास वर्षांत फार हुशार माणसांनी काम केले आहे. बिघडलेली मुख्य छत्री एका हिसक्यात सोडता यावी म्हणून बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांची युक्ती काढली. प्रत्येक कडे वरच्या कड्यावरचा भार कमी करत आणते, त्यामुळे सबंध माणसाचे वजन शेवटी एका बारीक दोऱ्याच्या फाशावर तोलले जाते. १९९१ साली जर्मनीत एअरटेक कंपनीने सायप्रेस हे इलेक्ट्रॉनिक उपकरण आणले, जे ठरावीक उंचीखाली माणूस अजूनही वेगाने कोसळताना आढळला तर राखीव छत्री आपणहून उघडते. राखीव छत्रीची घडी मान्यताप्राप्त रिगरच, म्हणजे छत्र्यांची घडी व दुरुस्ती करणारा तंत्रज्ञच, घालतो आणि अमेरिकेत ती दर १८० दिवसांच्या आत नव्याने घातलेली असावी लागते. या सगळ्याचा परिणाम असा की २०२३ साली तिथे सुमारे ३६.५ लाख उड्यांमध्ये १० जणांचा मृत्यू झाला, जेव्हा १९७०च्या दशकात याहून कितीतरी कमी उड्यांत दर वर्षी त्याच्या काही पट माणसे दगावत होती. पण पूर्णपणे नीट उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ चुकीचे वळण घेऊन मरणारी किंवा हाडे मोडून घेणारी माणसे या खेळात आजही आहेत, कारण वळणाचा निर्णय कोणतेही उपकरण घेत नाही. स्वतः बूथ यांचेच म्हणणे असे आहे की साधने जितकी सुरक्षित होतील तितके लोक अधिक धाडस करू लागतील आणि हिशेब तिथेच राहील.

याच संदर्भात छत्रीच्या आकाराची गोष्ट सांगते, कारण आपल्या लेखातल्या दुसऱ्या तरुणाने आपण लवकरच ‘लहान, वेगवान छत्री’ घेणार असल्याचे सांगितले आहे. माझे वजन सगळ्या सामानासह ७० किलो, म्हणजे १५४ पौंड भरते. १७० चौरस फुटांच्या छत्रीवर दर चौरस फुटाला ०.९ पौंड भार येतो. नवख्याने तो एकच्या खाली ठेवावा असे जाणती माणसे सांगतात. मला सत्तर उड्या झालेल्या एका मित्राने १३५ ची छत्री स्वस्तात मिळते आहे, घेऊन टाक, असा आग्रह केला होता. तिथे हाच भार १.१४ होतो. आकड्यांत फरक किरकोळ दिसतो, पण छत्री पुढे जाण्याचा वेग, वळतानाचा सूर आणि चूक सुधारायला मिळणारा वेळ, तिन्ही बदलतात. माझे ते शंभर फुटांवरचे वळण मी १३५ च्या छत्रीवर घेतले असते तर हे पत्र कदाचित मी लिहीत नसते. त्या मित्राचा हेतूही चांगलाच होता. आमच्या खेळात वाईट हेतूचा सल्ला मला कधी मिळालेला नाही.

मग शिकवायचे कोणी? यूएसपीएच्या पद्धतीत याची उत्तरे उड्यांच्या आकड्यांत दिलेली आहेत आणि ती मला फार शहाणपणाची वाटतात. ‘बी’ परवान्याला ५० उड्या, पाण्यात उतरावे लागले तर काय करायचे याचे प्रशिक्षण आणि छत्री हाताळण्याचा वेगळा अभ्यासक्रम. ‘सी’ ला २००, ‘डी’ ला ५००. शिकवण्याची सर्वांत खालची पायरी कोच ही आहे आणि तिच्यासाठी ‘बी’ परवाना, किमान १०० उड्या व स्वतंत्र अभ्यासक्रम लागतो. एएफएफ प्रशिक्षक व्हायचे तर किमान सहा तासांचे मुक्तपतन, म्हणजे छत्री उघडण्यापूर्वीचे कोसळणे, नोंदलेले हवे. एका उडीत मुक्तपतनाचे मिनिट-सव्वा मिनिट मिळते, म्हणजे किती उड्या होतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. टँडेम प्रशिक्षकाला ५०० उड्या आणि खेळातली तीन वर्षे. डोक्यावर साधा कॅमेरा लावायचा तरी आधी २०० उड्या झालेल्या असाव्यात अशी शिफारस आहे, कारण कॅमेरा लावलेला नवखा माणूस उंचीमापकाऐवजी मित्राच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. ही अट ऐकून आपल्याकडची मुले हिरमुसतात, हे मी पाहिलेले आहे.

घोटा भरून आल्यावर मी तो छत्रीचा अभ्यासक्रम केला आणि पुढे ११२ उड्यांवर कोचचा. कोचला काय शिकवायचे यापेक्षा काय शिकवायचे नाही हे त्यात अधिक वेळ सांगितले गेले. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, एकट्याने उडी मारण्याइतपत तयार झालेल्या विद्यार्थ्याबरोबर मी वर जाऊ शकत होते, त्याला हवेत सरळ राहणे, जवळ येणे, ठरल्या उंचीला वळून दूर जाणे याचा सराव देऊ शकत होते. पहिल्या उडीचा विद्यार्थी माझ्या हाती कधीच नव्हता. उडी झाल्यावर आधी आपण बोलायचे नाही, त्याला काय आठवते ते विचारायचे, हेही तिथेच कळले. ‘सगळं मस्त झालं’ म्हणणारा विद्यार्थी आपण उंचीमापक किती वेळा पाहिला हे सांगू शकत नाही तेव्हा व्हिडिओ न लावताच दोघांनाही काय ते समजते.

कोच म्हणून माझ्या मते मी केलेले सर्वांत चांगले काम कोणाला दिसलेही नसेल. एका सकाळी माझ्याबरोबरची विद्यार्थिनी, अठरावी उडी असावी तिची, ट्विन ऑटर विमानात माझ्यासमोर बसली होती. वर जाताना मी तिचे सामान तपासले: छातीचा एक आणि पायांचे दोन असे तीन पट्टे, खांद्यांवरची तीन-तीन कडी, तीन हँडले. सगळे जागच्या जागी होते. फक्त ती उंचीमापकाकडे बघत होती आणि तिला तो दिसत नव्हता. मी किती फूट झाले असे विचारले तर ती हातावरच्या तबकडीकडे बघून हसली. दार उघडले, बाकीचे गेले, मी तिला विचारले की आज विमानातूनच खाली यायचे का, आणि तिने इतक्या झटकन मान डोलावली की मला आदल्या वीस मिनिटांत हे का कळले नाही याचे नवल वाटले. आम्ही वैमानिकाला सांगितले. हे सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण विद्यार्थ्यांसाठीचे सायप्रेस सेकंदाला १३ मीटरच्या वेगाने खाली येतानाही जागे होते आणि रिकामे विमान त्याहून वेगाने उतरू शकते. विमानाच्या आत राखीव छत्री फुटली तर काय होईल याची कल्पना केलेली बरी. त्यांनी गोल गोल घेत सावकाश उतरवले. खाली कोणी काही विचारले नाही. ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात आली आणि तिची उडी छान झाली.

आता आपल्याकडचे. भारतात नागरिकांसाठी या खेळाची सोय तुरळक आहे. हरियाणातले नारनौल, मध्य प्रदेशात सागरजवळचे ढाना, आपल्याकडे लोणावळ्याजवळची अँबी व्हॅली ही नावे ऐकू येतात, पण वर्षभर दर आठवड्याला उडी मारत राहावी अशी स्थिती नाही. म्हणून आपली मुले थायलंडला, दुबईला किंवा स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाला जातात, दोन-तीन आठवड्यांत पंचवीस उड्या मारून परवाना घेऊन येतात आणि पुन्हा वर्षभर जमिनीवर असतात. आपल्या लेखाने ज्याला ‘सुट्टीत पूर्ण केलेले स्वप्न’ म्हटले आहे त्यातली अडचण मला इथे दिसते. ‘ए’ परवानाधारकाने ६० दिवस आणि ‘बी’ परवानाधारकाने ९० दिवस उडी मारली नसेल तर आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उजळणी करावी असे यूएसपीए सांगते. वर्षाकाठी एकदा उड्या मारणारा आमचा प्रत्येक परवानाधारक या हिशेबाने दर वर्षी पुन्हा जवळजवळ विद्यार्थीच असतो, आणि नेमका त्याच अवस्थेत तो इथे येऊन शिबिर घेऊ पाहतो.

केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२ साली राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले असून त्यातल्या ११ खेळांत पॅराशूटिंगचा, म्हणजे स्कायडायव्हिंगचाही, समावेश आहे. धोरणाचा कागद शिबिरातल्या माणसाला हवेत धरून ठेवत नाही हे खरे, पण निदान चौकशी कशाची करायची हे पालकांना त्यातून कळू शकते: शिकवणाऱ्याकडे कोणत्या संघटनेचा परवाना आहे, शिकवण्याचा दर्जा वेगळा मिळवला आहे का, तो चालू आहे का, आणि शेवटची उडी कधीची. चारही प्रश्नांची उत्तरे लॉगबुकात असतात. लॉगबुक दाखवायला कचरणारा प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही. न दाखवणारे पाहिले आहेत ते शेकोटीपाशी बसणारे.

आपल्या लेखात पद्मश्री शीतल महाजन यांचे नऊवारीतले छायाचित्र वापरले आहे. पुण्याच्या या मुलीने २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर उडी मारली, याचा मला अभिमान आहे, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून विमानाबाहेर पडल्या तेव्हा माझ्या आईने, जिला माझे हे वेड कधीच पटले नाही, ते कात्रण मला फोटो काढून पाठवले होते. पण ते छायाचित्र दोन नवख्या मुलांच्या लेखात छापताना त्या नऊवारीमागे शेकडो उड्या उभ्या आहेत, एवढी एक ओळ खाली हवी होती. सुटा, फडफडणारा कपडा हँडलवर आला तर काय होते हे माहीत असलेल्या व्यक्तीनेच तसा पोशाख करायचा असतो.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की यापुढे या खेळावर काही छापाल तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे परवान्याची श्रेणी आणि उड्यांची संख्या द्यावी, जशी क्रिकेटपटूच्या नावापुढे सामन्यांची देता. जाणकार त्यावरून लगेच काय ते ओळखतील. आणि त्या तरुणाला, जमल्यास आपल्यामार्फत, माझा निरोप: शिबिर जरूर घ्यावे, पण ते माहितीचे घ्यावे. खर्च किती येतो, चांगले केंद्र कसे निवडायचे, पहिल्या दिवशी काय घडते, भीती कशी आणि कितव्या उडीपर्यंत वाटते, हे चाळीस उड्यांचा माणूस चार हजारवाल्यापेक्षा चांगले सांगेल, कारण त्याला ते ताजे आठवते. आपत्कालीन कृती, छत्रीची निवड आणि उतरण्याची पद्धत मात्र त्याने शिकवू नये. तो प्रश्न कोणी विचारलाच तर ‘तुझ्या प्रशिक्षकाला विचार’ एवढे उत्तर द्यावे. मला ते वाक्य बेचाळिसाव्या उडीला यायला हवे होते.

माझी स्वतःची शेवटची उडी १४ महिन्यांपूर्वीची आहे आणि कोचचा दर्जा, जो दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो, तो माझ्याकडे आता नाही. मार्चमध्ये तीन आठवड्यांच्या रजेवर जाते आहे. पहिला दिवस वर्गात, विद्यार्थ्यांबरोबर, टांगलेल्या हार्नेसमध्ये हँडले शोधण्यात जाईल. दुसऱ्या दिवशी वारा बरा असला तर प्रशिक्षकासोबत एक उडी, भाड्याच्या १९० चौरस फुटांच्या छत्रीवर. माझी १७० ची छत्री पहिला आठवडा पिशवीतच राहील.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)